बंबाचा नंबर

"आमचा बंब तुमच्या यादीतून काढून टाका," मुजावर साहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

मला वाटलं, माझी काहीतरी ऐकण्यात चूक झाली. गेले तीन आठवडे माझ्या टेबलासमोर जो कुणी येऊन बसत होता, तो नेमकं याच्या उलट सांगायला येत होता. पाणीपुरवठ्याला टँकर हवा होता, बांधकामाला रोलर हवा होता, आरोग्य खात्याला कचऱ्याच्या गाड्या. एका पदाधिकाऱ्यांचा स्वीय सहायक तर साहेबांच्या गाडीची सीट टोचते म्हणून नवी गाडी मागून गेला होता. नाव काढा म्हणणारा हा पहिलाच माणूस.

"काढू कसा?" मी म्हटलं. "साहेब, तुमचा बंब पहिल्या नंबरावर आहे. या वर्षी नक्की मिळतोय."

"तेच तर. मिळायला नको."

गोष्ट नव्याण्णव सालची. मी महापालिकेच्या वाहन विभागात कनिष्ठ अभियंता होते. त्या वर्कशॉपमधली पहिली बाई. नवे आयुक्त आले, त्यांनी जुन्या गाड्या बदलण्याचं अंदाजपत्रक माझ्याकडे सोपवलं. "ज्याचा फोन मोठा त्याला गाडी, हे आता बंद करायचं. कागद बोलला पाहिजे," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मग मी महिनाभर खपून एक गुणतक्ता तयार केला. गाडीचं वय, एकूण धाव, वर्षाचा दुरुस्तीखर्च आणि सद्यस्थिती, असे मिळून शंभर गुण. गाडी जितकी खराब तितके गुण जास्त, आणि जिचे गुण जास्त ती आधी बदलायची. एकशे चौदा वाहनं मी त्यात बसवली. पैसे मात्र त्या वर्षी एकाच मोठ्या वाहनापुरते होते.

चौऱ्याहत्तर सालच्या बंबाला ब्याण्णव गुण पडले होते. दुसऱ्या नंबरावरचा पाण्याचा टँकर चौऱ्याहत्तर गुणांवर होता. म्हणजे वादाला जागाच नव्हती, आणि मला त्या तक्त्याचा चांगलाच अभिमान होता.

हमीद मुजावर अग्निशमन केंद्राचे स्टेशन ऑफिसर. बुटके, रुंद खांद्यांचे, हळू बोलणारे. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. दर जानेवारीत नवा बंब मागणारं त्यांचं पत्र यायचं, अशी नऊ पत्रं मी फायलीत वाचली होती.

"नऊ वर्षं तुम्हीच मागत होता," मी म्हटलं.

"होय, मागत होतो."

"कुणी काही बोललं का तुम्हाला? दबाव आहे का?"

ते हसले. "माझ्यावर कोण दबाव आणणार, मॅडम? आग लागल्याशिवाय आमची आठवण कुणाला येत नाही."

"मग मला नाही काढता येणार. ही यादी गुणांची आहे. तुमच्या सांगण्यावरून एक नाव काढलं की उद्या दहाजण दहा नावं घालायला येतील."

त्यांनी मान डोलावली, जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं. "मग गुण परत द्या. सद्यस्थितीचे चाळीसपैकी अडतीस दिलेत तुम्ही आमच्या बंबाला. बघितलाय का?"

बघितला नव्हता. बंब वर्कशॉपला कधी येतच नसे. त्याची डागडुजी ते केंद्रावरच करत. मी त्याचा अर्थ, गाडी इथवर येण्याच्याही लायकीची उरली नाही, असा लावला होता आणि जुन्या बिलांवरून आकडा टाकला होता.

"उद्या तीनला या," ते उठत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी केंद्रावर गेले. मागच्या मोकळ्या जागेत बंब उभा होता. मी मोडकळीला आलेली गाडी बघायच्या तयारीनं गेले होते. समोर जे होतं त्याच्या पितळी नळकांड्यांत मला माझा चेहरा दिसत होता. रंग जुना होता, पण कुठं गंजाचा ठिपका नव्हता. चाकांच्या नटांनासुद्धा कुणीतरी हातानं तेल पुसलेलं होतं.

"बसा खाली, बघा," मुजावर म्हणाले. मी पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. अर्धा तास मी बोटांनी चाचपत होते. पंपाची गॅसकेटं त्यांनी स्वतः कापलेली होती, इतकी नेमकी की कंपनीची वाटावीत. प्रत्येक जोडावर शेवटची दुरुस्ती कधी केली ती तारीख खिळ्यानं कोरलेली होती. सगळ्यात जुनी तारीख एक्क्याऐंशीची.

मी बाहेर आले तेव्हा सहा माणसं रांगेत उभी होती. मुजावरांनी मान हलवली. एकानं सक्शनचा पाइप हौदात सोडला, दोघांनी होज, पाण्याची लांब कापडी नळी, पसरला, शिंत्रे नावाच्या वयस्क पंपचालकानं इंजिन चालू केलं. पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा लागलं. कुणी कुणाला हुकूम दिला नाही. होज साप उठावा तसा फुगत गेला, तीन माणसांनी नोझल छातीशी धरलं, आणि पाणी वर गेलं.

केंद्राशेजारी साठ फूट उंचीची पाण्याची टाकी आहे. पाणी त्या टाकीच्या डोक्यावरून गेलं. सरळ, खांबासारखं. वर जाऊन ते फुटत होतं आणि पलीकडच्या रस्त्यावर पावसासारखं पडत होतं. जमीन पायाखाली थरथरत होती. मी यंत्रशास्त्र शिकलेली बाई, पंपाची सगळी गणितं मला पाठ होती. तरी मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. पंचवीस वर्षांच्या पंपातून इतका दाब निघू शकतो हे मी वहीत मांडून दाखवलं असतं तर माझ्या प्राध्यापकांनी ते खोडलं असतं.

पाणी थांबल्यावर मुजावर म्हणाले, "खोटं सांगणार नाही. पंप असा आहे, पण इंजिन थकलंय. कधीतरी दगा देणार. त्याच्यासाठीच नऊ वर्षं पत्रं लिहिली. पण अजून तीन-चार वर्षं आम्ही ओढू. जे बघितलं तेवढंच लिहा."

"पण कशासाठी, साहेब? मिळतंय ते सोडून का ओढायचं?"

"परवा सकाळी नऊला जकात नाक्यामागच्या बोळात या. साडी नेसून येऊ नका. आणि बूट घाला."

मी गेले. बोळाच्या तोंडापासूनच नाकाला रुमाल लावावा लागला. चार दिवस गटार तुंबलेलं होतं, घरांच्या उंबऱ्यांना घाण पाणी लागलं होतं. बोळाच्या मधोमध चेंबरचं झाकण काढून ठेवलेलं, आणि त्याच्या कडेला मुजावर साहेब उभे होते. वर्दी नव्हती अंगात. साधी पँट, बनियन, आणि कमरेला अग्निशमनाचा जाड दोर गुंडाळलेला. दोराचं दुसरं टोक एका काटकुळ्या माणसाच्या छातीला बांधलेलं होतं.

"हे लिंबाजी आवळे," मुजावरांनी ओळख करून दिली. "ड्रेनेजचे मुकादम. आणि या मुळीक मॅडम, गाड्यांच्या."

लिंबाजींनी मला नमस्कार केला. पन्नाशीचे वाटत होते. नंतर कळलं, बेचाळिशीचे होते. ते चेंबरच्या काठाशी उकिडवे बसून आत बघत होते. आतला विषारी वायू निघून जावा म्हणून त्यांनी झाकणं पहाटेच काढली होती, या चेंबरचं आणि मागच्या-पुढच्या दोन्हींचं. मग त्यांनी आतल्या भिंतीवर काठी आपटली. भिंतीवरून झुरळांचा एक लोट वर पळाला.

"हवा हाय," लिंबाजी म्हणाले.

"झुरळांवरून?"

"त्यास्नी आधी कळतं, बाईसाहेब. झुरळं मेलेली दिसली तर आपुन न्हाई उतरायचं." त्यांनी नाक आत नेऊन वास घेतला, मी ज्या वासानं उभी राहू शकत नव्हते तो वास, पुरता, डोळे मिटून. "कुजक्या अंड्याचा वास येतोय. येतोय तवर भ्या न्हाई. यायचा बंद झाला की पळायचं."

"म्हणजे वास गेला तर धोका?"

"वास जात न्हाई. आपलं नाक मरतं. मग माणूस."

तो वायू आधी नाकच बधिर करतो हे मी कॉलेजात वाचलं होतं. ते पान मी परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं. हा माणूस त्यावर रोज जगत होता.

ते आत उतरले. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग डोकं. तेरा फूट खोल चेंबर होतं. मुजावरांनी दोर दोन्ही हातांत धरला, आणि मी पाहिलं की ते तोंडानं अंक मोजत होते. आतून दोराला एक झटका आला की ते एक झटका परत देत. घाणीनं भरलेली बादली वर यायची, ड्रेनेजची दोन माणसं ती ओतायची, बादली खाली जायची. मध्येच एकदा झटका यायला उशीर झाला. दहा-पंधरा सेकंदच असतील. मुजावरांच्या मानेच्या शिरा टरारल्या, त्यांनी एक पाय काठावरून आत सोडलासुद्धा. मग झटका आला. त्यांनी पाय वर घेतला आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली.

पाऊण तासानं जमिनीखाली काहीतरी मोठं गिळल्यासारखा आवाज झाला आणि उंबऱ्यांचं पाणी हलायला लागलं. लिंबाजींना वर ओढलं तेव्हा डोळे सोडून त्यांचं काहीच दिसत नव्हतं. मी पुढे झाले.

"लांब व्हा, बाईसाहेब," ते म्हणाले. "कपड्यावर उडंल तुमच्या."

त्यांच्या अंगावर बादल्या ओतत होते तेवढ्यात मी मुजावरांना विचारलं, "तुम्ही इथं कसे? हे तुमचं काम नाही."

"आज माझी साप्ताहिक सुट्टी."

"दर सुट्टीला येता?"

"खोल चेंबर असलं की येतो. लिंबाजी आधी निरोप धाडतो. चार वर्षं झाली."

"पण हे ओढून घेणारं यंत्र मिळतं साहेब. गाडीवर बसवलेलं. माणूस उतरवावाच लागत नाही. ड्रेनेजवाले मागत का नाहीत?"

"मागितलं होतं. अर्ज परत आला."

"कुणी परत केला?"

त्यांनी दोर गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे बघितलं. "तुमची सही आहे."

मला आठवलं. आठवायला वेळसुद्धा लागला नाही. ड्रेनेजचा अर्ज आला होता, आणि 'बदलावयाचे जुने वाहन' या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली होती. जुनं वाहन नाही तर बदलायचं काय? मी त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'जुने वाहन अस्तित्वात नाही, सबब विचार करता येत नाही.' अर्धं मिनिटही लागलं नसेल मला.

"तुमची चूक आहे असं म्हणत नाही मी," मुजावर म्हणाले. "तुमच्या तक्त्यात त्याला जागाच नाही. पण बंब पहिल्या नंबरावर आहे तोवर दुसरा विषय निघणार नाही. बंबाला कोण नको म्हणेल? म्हणून आधी बंब काढा म्हटलं. पुढचं काय ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेल्या आहात."

त्या दिवशी मी ऑफिसला न जाता केंद्रावर गेले आणि वर्दीचं रजिस्टर मागितलं. शहरात कुठंही आग लागली, कुणी विहिरीत पडलं, की आलेल्या प्रत्येक निरोपाची नोंद त्यात असते. दहा वर्षांची रजिस्टरं मी दिवसभर चाळली. ज्या नोंदी हव्या होत्या त्या वेगळ्या कागदावर उतरवून घेतल्या.

अंदाजपत्रकाची बैठक पुढच्या सोमवारी होती. आयुक्त, मुख्य लेखापाल देशिंगकर, सगळे खातेप्रमुख. मी सुधारलेली यादी वाटली. बंबाचे गुण आता सत्तर होते, मी पाहिलं तेवढेच. टँकर पहिल्या नंबरावर आला होता, आणि पाणीपुरवठ्याचे अभियंता खुशीत चहा पीत होते.

"आणखी एक अर्ज आहे," मी म्हटलं. "ड्रेनेजचा. तो मी चुकीनं परत केला होता. आज पुन्हा मांडते."

देशिंगकरांनी चष्म्यातून पाहिलं. महापालिकेचा पैसा ते स्वतःच्या घरच्यासारखा सांभाळायचे, आणि त्यांच्यात खोट काढायला कुणाला कधी जागा मिळाली नव्हती. "मॅडम, हे लेखाशीर्ष बदलीचं आहे. नव्या खरेदीचं नाही. त्यांच्याकडे जुनं काही नाहीच."

"आहे. मी तक्ता भरलाय. वाचू का?"

आयुक्तांनी हात केला. मी वाचायला लागले.

"बदलावयाचं साधन: माणसं. संख्या अकरा. सेवेची सरासरी सतरा वर्षं. दुरुस्तीखर्च आपल्या दप्तरी शून्य, कारण दवाखान्याची बिलं त्यांनी स्वतः भरली. दोघांना दमा, तिघांची कातडी सोललेली, एकाचा एक डोळा गेलेला. गेल्या दहा वर्षांत कायमची बाद झाली पाच. तारखा अग्निशमनाच्या रजिस्टरातून जोडल्या आहेत. सद्यस्थिती मी स्वतः बघून आले. गुण शंभरपैकी शंभर."

पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी कप बशीत ठेवला, त्याचा आवाज मोठा झाला.

"माणूस म्हणजे वाहन नव्हे," देशिंगकर शेवटी म्हणाले, पण नेहमीच्या आवाजात नाही. "यंत्रसामग्रीही नव्हे. ऑडिटवाले मला विचारतील."

"काय सांगाल त्यांना?" आयुक्तांनी विचारलं.

देशिंगकरांनी माझा कागद ओढून घेतला. त्या पाच तारखांवरून त्यांचं बोट हळूहळू खाली गेलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सांगेन, की हे काम आजवर माणूस करत होता, आता यंत्र करेल. याला मराठीत बदलीच म्हणतात." आणि त्यांनी समासात तसं लिहून खाली सही केली.

त्यांच्याकडून हे येईल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. मी खाली बसले.

"आणि बंब?" आयुक्त मुजावरांकडे वळले. "उद्या ऐन आगीत तो बंद पडला तर?"

मुजावरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढं केला. बंब त्यांच्या विनंतीवरून मागे ठेवला आहे, त्यातून काही वाईट घडल्यास जबाबदारी त्यांची, असं त्यांनी आधीच लिहून आणलं होतं.

"असं लिहून द्यायची गरज नाही," आयुक्त म्हणाले.

"असू द्या साहेब. कुणाचं तरी नाव लागतंच."

यंत्र मंजूर झालं. पण मंजूर होणं वेगळं आणि दारात येणं वेगळं. निविदा निघाली, रद्द झाली, पुन्हा निघाली. चौदा महिने गेले. त्यातल्या आठव्या महिन्यात, भर दुपारी, स्टेशन रोडच्या लाकडाच्या वखारीला आग लागली.

बंब सहा मिनिटांत पोचला. पाणी सुरू झालं, आणि इंजिन बंद पडलं. शिंत्र्यांनी ते पुन्हा चालू केलं तोवर नऊ मिनिटं गेली होती. कुणी दगावलं नाही. पण वखारीला लागून असलेली दोन दुकानं गेली, एक शिंप्याचं आणि एक सायकलवाल्याचं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, की नवा बंब मिळत असताना अधिकाऱ्यानं नाकारला.

चौकशी बसली. मुजावरांचा तो कागद फायलीत होताच, तो पहिल्या पानावर आला. मी साक्ष दिली, तक्ता दाखवला, गुण मी बदलले होते म्हणून सांगितलं. चौकशी अधिकाऱ्यांनी मुजावरांना विचारलं, "तुम्हाला हे कबूल आहे?"

"कबूल आहे. तिथं नाव माझं आहे," ते म्हणाले. एवढंच.

बाहेर जिन्यात लिंबाजी बसले होते. साक्ष द्यायला आले होते, पण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी आत सोडतही नव्हतं. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. मी म्हटलं, "सगळं माझ्या तक्त्यामुळं झालं. आधीच इतकी वर्षं सुट्टीची मेहनत, त्यात आता ही बदनामी. कशासाठी केलं त्यांनी हे, लिंबाजी?"

"तुमास्नी साहेबांनी सांगितलं न्हाई?"

"काय?"

ते आपल्या तळहाताकडे बघत बोलायला लागले.

"चार-पाच वर्सं झाली. तुमी आला हुता त्या बोळातलं त्येच चेंबर. मी आणि माझा धाकटा भाऊ, सुभाना, दोघं आत हुतो. आधी त्यो पडला, त्याला धरायला ग्येलो तर मी बी पडलो. साहेब आले, तोंडाला वला टावेल बांधून आत उतरले. आत काय दिसतंय? काळाकुट्ट गाळ. हाताला जो लागला त्याला वर काढला. त्यो मी. परत उतरले तवर सुभाना ग्येला हुता. साहेब महिनाभर माझ्या घरी येत हुते. येऊन बसायचे, काय बोलायचे न्हाईत. येका दिशी म्हणाले, लिंबाजी, हात जरा डावीकडं गेला असता तर सुभाना असता. मी म्हणलं, मग मी नसतो. तवापास्नं यायला लागले चेंबरवर."

रजिस्टरातून मी जी पाच नावं उतरवली होती त्यांत सुभाना आवळे हे नाव होतं. ते मी बैठकीत एका आकड्यात वाचून टाकलं होतं.

मुजावर साहेब ऑक्टोबरात निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला नाही. त्यांची ग्रॅच्युइटी चौकशीपायी अडकली ती पुढं तीन वर्षांनी सुटली. जळालेल्या दोन्ही दुकानदारांच्या घरी ते जाऊन आले असं मला शिंत्र्यांनी सांगितलं. शिंप्यानं दार उघडलं नाही. सायकलवाल्यानं चहा दिला.

यंत्र डिसेंबरात आलं. पिवळी, अजस्र गाडी, पाठीवर टाकी आणि हत्तीच्या सोंडेएवढा जाड पाइप. पहिल्यांदा ती कुठं न्यायची हे ड्रेनेजच्या माणसांनी आपसात ठरवून टाकलं होतं. सकाळी नऊला ती जकात नाक्यामागच्या बोळात जेमतेम शिरली. अकराही माणसं आली होती, ज्यांची पाळी नव्हती तीसुद्धा. मुजावर साहेब लुंगी-शर्टात येऊन कडेला उभे होते. लिंबाजींनीच त्यांना आणलं होतं.

त्याच चेंबरचं झाकण काढलं. सोंड आत गेली आणि गाडी घरघरायला लागली. पाइप गाळ ओढताना थरथरत होता, मधेच अडखळायचा, मग मोठी ढेकर दिल्यासारखा आवाज करून पुन्हा ओढायचा. जो गाळ बादलीबादलीनं वर यायला दिवस गेला असता तो वीस मिनिटांत टाकीत गेला. बोळातली बायामाणसं दारात येऊन बघत होती. ड्रेनेजची माणसं मात्र हात मोकळे सोडून उभी होती. त्या हातांचं काय करायचं ते कुणाला सुचत नव्हतं.

गाडीवाल्यानं मग स्वच्छ पाण्याचा फवारा आत मारला, ते पाणीही ओढून घेतलं, आणि यंत्र बंद केलं. बोळ एकदम शांत झाला.

लिंबाजी काठाशी गुडघ्यावर बसले. त्यांनी गाडीवाल्याकडून बॅटरी मागून घेतली आणि आत उजेड टाकला. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मला भीती वाटली.

"लिंबाजी," मी हाक मारली.

"इटा हायत," ते म्हणाले.

"काय?"

"तळाला इटा हायत, बाईसाहेब. वीस वर्सं उतरतोय. पायाला म्हाईत हुतं कायतरी घट्ट हाय. डोळ्यानं कवा बघितलं न्हाई."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तेरा फूट खाली, संस्थानच्या काळात कुणा गवंड्यानं बांधलेला गटाराचा तळ होता. लाल विटा, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचलेल्या, आणि दोन्ही बाजूंना देवळीसारख्या सुंदर कमानी, ज्यातून पाणी यायचं आणि जायचं. एकही वीट हललेली नव्हती. शंभर वर्षं तो तळ तिथंच होता, आणि त्यावर उभं राहिलेल्या एकाही माणसाला तो दिसला नव्हता.

"साहेब, या हिकडं," लिंबाजी म्हणाले.

मुजावर आले. त्यांचे गुडघे दुखत असत, तरी ते लुंगी सावरून खाली बसले आणि लिंबाजींच्या शेजारी ओणवे झाले. लिंबाजींनी बॅटरीचा उजेड हळूहळू एका कमानीकडून दुसऱ्या कमानीकडं नेला, मग डाव्या अंगाला एका जागी आणून थांबवला. कोरड्या, धुतलेल्या विटा होत्या तिथं. बाकी काही नव्हतं.

"इथं हुता," लिंबाजी म्हणाले.

मुजावरांनी हात लांब करून चेंबरचा काठ धरला. त्यांनी ती जागा बघितली. किती वेळ ते दोघं तसेच वाकून होते कुणास ठाऊक. गाडीवाल्याला अजून तीन चेंबरं करायची होती, पण तो खाली उतरून टायरशी उभा राहिला आणि त्यानं कुणालाही उठायला सांगितलं नाही.